टाच गरम झाली की थांब

बापू, आत्या म्हणते मी पायाळू नव्हतेच.

दुपारची जेवणं होईपर्यंत होते. पन्नाशीला टेकलेली बाई मी, निम्मे केस पांढरे, आणि आयुष्यात ज्या एकाच गोष्टीबद्दल कधी शंका घेतली नाही ती ही, की आईच्या पोटातून माझे आधी पाय बाहेर आले आणि डोकं मागून. माझी जन्मतारीख मास्तरांनी अंदाजानं टाकलेली आहे, आईचा चेहरा मला नीट आठवत नाही, पण पायाळू म्हणजे पायाळू. सगळं गाव म्हणायचं. तुम्ही म्हणायचात. आणि आज आत्यानं, सुपातली डाळ पाखडून झाल्या झाल्या, ते सगळं कोंड्यासारखं उडवून लावलं. मी आत येऊन दार लोटून बसले आहे. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, तेव्हा हे लिहून कुठं पाठवणार हा प्रश्नच नाही. पण आत्ता दुसऱ्या कुणाशी बोलायची माझी ताकद नाही.

झालं असं, की सूप ठेवायला वाकताना आत्याच्या पाठीत उसण भरली. ती "अगं माय" म्हणून भिंतीला टेकली. मी लगेच चप्पल काढली. उसण भरली की पायाळूनं पाठीवर हलकी लाथ मारायची, हे मला कुणी शिकवायला हवं का? लहानपणी मी दात घासायच्या आधी ओट्यावर कुणीतरी पालथं पडलेलं असायचं. आमचे हेडमास्तर, जे शाळेत मला छडी मारायचे, तेसुद्धा अधूनमधून धोतर सावरून पालथे व्हायचे, आणि त्यांच्या कमरेवर मी अगदी मनापासून पाय द्यायचे. तर मी म्हटलं, "आत्या, पालथी हो." ती हसायलाच लागली. पाठ दुखत होती तरी हसत होती.

"राहू दे गं माय. तुझ्या लाथेनं काय होणार हाये मला? तू कुठली पायाळू?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? ह्याच हातानं काढली तुला. पह्यलं डोस्कं आलं, काळंभोर जावळ. पाय तर सगळ्यात शेवटी आले, ते बी आखडून राह्यल्ते."

मला वाटलं, म्हातारी चेष्टा करून राहिली आहे. पण ती चेष्टा करताना डोळे बारीक करते, आणि तिचे डोळे नेहमीसारखेच होते. तेवढ्यात मला आठवलं, की आत्यानं कधीच माझी लाथ घेतलेली नाही. सगळं गाव घेऊन गेलं, पण तिची पाठ धरली की ती चुलीत विटकर तापवून फडक्यात गुंडाळायची आणि शेकत बसायची. मला वाटायचं, भाचीची लाथ खायची तिला लाज वाटते. मी तिथंच खाली बसले. एक पाय अनवाणी होता, एका पायात चप्पल होती.

मी इथं का आले आहे ते तुम्हाला सांगायला हवं. तुमच्या लेकानं नाल्याकडचा तुकडा घेतलाय आणि तिथं विहीर पाडायची ठरवलीय. विहिरीतून दगड वर ओढायची यारी परवा येऊन उभी राहणार. त्यानं मला पुण्याला फोन केला, "ताई, जागा तूच दाखव. बापू म्हणायचे बुटानं पायाळूपण जातं, पण अनवाणी चाललीस तर माघारी येतं बी असंल." मी फोनवर खूप हसले आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसले. पायाळूच्या पायाला जमिनीखालचं पाणी कळतं म्हणतात. म्हणजे उद्या सकाळी मला त्या रानात अनवाणी चालायचंय, आणि मी थांबेन तिथं तुमचा लेक जमीन फोडणार आहे. जागा चुकली तर नुसता दगड लागेल. आणि ही जागा दाखवणार कोण, तर डोक्याकडून जन्मलेली बाई.

हसू नका. शिकलेली असले तरी माझा त्यावर विश्वास होता. मी कुणाला सांगत नाही, पण पुण्यात आमच्या सोसायटीनं बोअर घ्यायचं ठरवलं तेव्हा एका सकाळी मी चपला हातात घेऊन पार्किंगमधून दोन फेऱ्या मारून आले होते. काही जाणवलं नाही. काँक्रीटमुळे जाणवत नसेल, अशी मी माझी समजूत घातली.

माझं काम काय आहे हे तुम्हाला कधी नीट सांगताच आलं नाही. मी कॉलेजातल्या मुलांना स्पॅनिश शिकवते, आणि एक इंग्रजी-स्पॅनिश शब्दकोश होतोय त्यासाठी नोंदी लिहिते. नोंद म्हणजे एकेक इंग्रजी शब्द घ्यायचा, त्याचे जितके अर्थ असतील तितके वेगवेगळे मांडायचे, प्रत्येकासमोर स्पॅनिश शब्द आणि एक वाक्य. या आठवड्यात माझ्याकडे आलेला शब्द आहे डिग. तुम्ही जन्मभर जे केलंत त्याला इंग्रजीत एवढासाच शब्द आहे. पहारीनं, टिकावानं, फावड्यानं खोदणं, त्याला स्पॅनिशमध्ये कावार. मोठं खोदकाम, यंत्रानं किंवा जुनी गावं जमिनीतून बाहेर काढणाऱ्यांचं, ते एक्सकावार. पण इंग्रज माणूस तेवढ्यावर थांबत नाही. पिशवीत हात घालून किल्ली शोधली तरी तो डिगच म्हणतो. स्पॅनिशमध्ये ते उर्गार. कोपरानं बरगडीत ढोसलं तरी डिग, तिकडं त्याला कोदासो म्हणतात. बोलता बोलता टोमणा मारला तरी डिग, तो पुया. पोरंटोरं पूर्वी एखादी गोष्ट आवडली की तेच म्हणायची, त्यासाठी स्पेनमध्ये मोलार असा एक रस्त्यावरचा शब्द आहे. टाचा रोवून हटून बसणं यालाही डिगच, आणि त्याला स्पॅनिश म्हणतो प्लांतार्से, स्वतःला रोप लावावं तसं लावून घेणं. आणि जुनं प्रकरण उकरून काढणं, ते देसेंतेरार, पुरलेलं वर काढणं. हा शेवटचा शब्द मी आज सकाळी ओट्यावर बसून लिहिला. आत्या शेजारी डाळ घेऊन बसली होती.

आणखी एक. विहिरीचं वाक्य शोधताना मला काल साओरी हा शब्द सापडला. ज्याला जमिनीखालचं दिसतं तो साओरी, पाणी दाखवणारा. त्यांच्याकडेही असतात! मी एकटीच हसले. वाटलं, तुम्ही असता तर तुम्हाला सांगितलं असतं की बापू, तिकडं सातासमुद्रापार तुमच्या पोरीसाठी शब्द तयार आहे. काल हे वाटलं होतं, आणि आज मी अशी तोंडात मारल्यासारखी बसले आहे.

पाणी शोधायची तुमची पद्धत मला पाठ आहे. आदल्या संध्याकाळी तुम्ही एकटेच त्या रानात जायचात. मी बांधावर बसलेली असायची. तुम्ही बिडी ओढत हिंडायचात, कुठं वाकून ढेकूळ चुरडायचात, कुठं उंबराच्या बुंध्याला हात लावून उभे राहायचात. मला वाटायचं, उद्या माझी पोरगी आणू का असं तुम्ही रानाला विचारून येता. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मला अंघोळ घालून, कपाळाला कुंकू लावून, हातात पाण्यानं भरलेला तांब्या देऊन उभं करायचात. रानाचा मालक, त्याची बायको, भाऊबंद सगळे बांधावर, कुणी बोलायचं नाही. तुम्ही पुढं, मी मागं. "टाच गरम झाली की थांब," एवढंच सांगायचात. आणि बापू, शपथेवर सांगते, टाच गरम व्हायची. थंडीत दव पडलेल्या मातीवरसुद्धा व्हायची. मी थांबले की तुम्ही वळून बघायचात, खाली बसून माझ्या पायाच्या ठशावर नारळ ठेवायचात, आणि बांधावरच्या बायका हात जोडायच्या. माझ्याएवढ्या पोरींना कुणी नीट नावानं हाक मारत नव्हतं, आणि मला मोठी माणसं हात जोडायची.

मग ती पिंपळगाव रेणुकाईकडची सकाळ. मी आठ-नऊ वर्षांची असेन. त्या घरी पुरणाचा स्वयंपाक चालला होता आणि वास रानापर्यंत येत होता. मला भूक लागली होती. अर्ध्या रानातच मी थांबले आणि म्हटलं, "झाली गरम." तुम्ही वळलात. माझ्या पायाकडं पाहिलं नाही, मातीकडंही नाही, सरळ माझ्या तोंडाकडं पाहिलंत आणि म्हणालात, "न्हाई झाली. चल." लोकांसमोर एवढंच. नंतर गोठ्यामागं नेऊन म्हणालात, "हितं त्या मान्साचं सगळं घरदार पणाला लागलेलं असतंय. पाण्याची मस्करी बिलकुल नको." तुम्ही मला एवढं रागावलात ते त्या एकदाच. पोळ्या समोर आल्या तेव्हा मी ताट बाजूला सरकवलं. मला नवल वाटत राहिलं, की टाच माझी आणि ती गरम झाली नाही हे तुम्हाला इतक्या खात्रीनं कसं कळलं. मी ठरवलं, बापाला सगळं कळतं. आज लक्षात येतं, तुम्हाला माझ्या टाचेचं काही कळायची गरजच नव्हती. तिथं पाणी नाही हे तुम्ही आदल्या संध्याकाळीच बघून आला होतात. बाकीच्या रानांत मात्र टाच नेमकी तुम्ही हेरलेल्या जागेवरच कशी गरम व्हायची, ते अजून कळत नाही.

इथवर मी कदाचित हसून सोडून दिलं असतं. पण विजेचं काय, बापू? पायाळूवर वीज पडते, हे गावानं मला लहानपणापासून सांगितलं. ढग वाजला की इतर पोरं बाहेर पळायची आणि मला मधल्या खोलीत ढकलून दाराला कडी लागायची. हॉस्टेलवर मी टेबलाखाली बसायची आणि खोलीतल्या मुली माझी नक्कल करायच्या. लग्नानंतर नवरा हसायचा. आता हसत नाही, गडगडलं की न सांगता उठून खिडक्या लावतो. पावसाळ्यापूर्वीचं आभाळ कसं दिसतं ते मी बाकीच्यांच्या तोंडून ऐकलेलं आहे. आणि हे सगळं कशासाठी, तर एका खोट्यासाठी? एवढ्या वर्षांत एकदा तुम्ही मला बाजूला घेऊन सांगू शकला असतात की पोरी, तुला काही होत नाही, बाहेर ये. मला राग येतोय. तुमच्यावर राग येतोय हे वाक्य मी पहिल्यांदाच लिहितेय आणि लिहूनही ते खरं वाटत नाहीये.

कारण त्याच वेळी मला ती दुपार आठवते. विहीर खोल गेली होती, तुम्ही गड्यांबरोबर तळाशी होतात. मी वर लिंबाखाली तुमचे डबे राखत बसले होते. एकदम वारं सुटलं, आभाळ भरलं आणि पहिला गडगडाट झाला. बाकीचं कुणी वर आलं नाही. तुम्ही दगडांनी भरलेल्या बकेटला लोंबकळत वर आलात. यारीवाला शिव्या देत होता. अंगावर सगळी दगडाची पांढरी भुकटी, त्यात नुसते डोळे दिसत होते. मला उचललंत आणि पळत गोठ्यात नेलंत, वर गोणपाट टाकलंत आणि त्यावर स्वतः ओणवे झालात. तुमची छाती किती जोरात उडत होती ते मला अजून पाठीवर जाणवतं. तुम्हाला तर माहीत होतं ना, मी पायाळू नाही? मग तुम्ही का पळालात? गड्यांना दाखवायला कुणी असं पळत नाही. की दरवर्षी तेच तेच सांगून तुम्हालाच ते खरं वाटायला लागलं होतं?

मी मघाशी पुन्हा बाहेर गेले आणि आत्याला विचारलं, का? ती पाठीला विटकर लावून बसली होती. म्हणाली, "का म्हणजे काय? तुला ठेवून घ्यायला." मग सगळं सांगितलं. आई गेली तेव्हा मी चारेक वर्षांची, भाऊ तान्हा. दहावं-बारावं उरकलं आणि आष्टीहून मामा आला, दोन म्हातारी माणसं संगती घेऊन. मामा वाईट नव्हता. त्याचं म्हणणं सरळ होतं, की पोराला आत्या सांभाळेल, पण पोरीचं काय? बाप महिना-महिना रानोमाळ विहिरींवर, गड्यांच्यात झोपणार. पोरगी आजोळी राहू द्या, आम्ही तिचं सगळं करू. सगळ्यांना पटलं होतं. आत्यानं माझे दोन परकर गाठोड्यात बांधलेसुद्धा होते. तुम्ही ओसरीच्या उंबऱ्यावर बसला होतात आणि सकाळपासून एक शब्द बोलला नव्हतात.

"मंग एकदम म्हणला," आत्या म्हणाली, "तिला न्हाई नेता येणार. ती पायाळू हाये. पाणी पाह्यला मला कामाला लागती. तुझ्या मामानं माझ्याकडं पाह्यलं, म्हणला, खरं हाये का वो अक्का? तुझ्या बापानं बी पाह्यलं. तसं त्यानं माझ्याकडं आयुष्यात कधी पाह्यलं न्हवतं. मंग मी काय म्हणणार होते? म्हणलं, हो, पायाळूच हाये. गाठोडं सोडून टाकलं. पुढच्या राजूरच्या बाजारात बोंब झाली, अन् लोक यायला लागले तुला न्यायला. एकडाव तोंडातून गेलं ते गेलं."

मी हे ऐकून आत आले. बापू, मला खरंच समजत नाहीये की मी आता काय करावं. तुम्ही मला जाऊ दिलं नाहीत, ही केवढी मोठी गोष्ट मला पन्नासाव्या वर्षी कळतेय. पण ते सांगताना तुम्ही शब्द कुठले काढलेत? कामाला लागती. त्या ओसरीवर बसलेल्या माणसांना ते चाललं असतं, आणि 'मला तिच्याशिवाय करमणार नाही' असं म्हटलेलं चाललं नसतं, एवढं मला कळतं. पण नंतर मी खरंच कामाला लागलेच ना? रानोरानी चालले, पाठी तुडवल्या, विजेला भ्याले. मग मी तुमची कोण होते? लेक होते म्हणून ठेवलंत, की कामाची होते म्हणून? हे तुम्ही स्वतःशी तरी कधी ठरवलं होतं का? दहावी झाल्यावर तुम्ही जालन्याहून माझ्यासाठी काळे बूट आणलेत, बंद, नाडीचे. गल्लीत मोठ्यानं सांगितलंत, "आता हिला अनवाणी चालायचं न्हाई. बूट घातला की पायाळूपण जातं." लोकांनी दोन दिवस हळहळ केली. तेव्हा मला वाईट वाटलं होतं, की बापानं माझा मान काढून घेतला. आता कळतं, की तुम्हीच घातलेली गाठ तुम्ही दुसरं एक खोटं सांगून सोडवलीत.

उद्या सकाळी मी भावाला खरं सांगणार आहे. त्याच्या रानाशी खेळ नको, तुम्हीच म्हणाला होतात. त्याला वाईट वाटेल. तो मला लहानपणापासून बांधावरून बघत आला, बाकी सगळ्यांसारखा हात जोडून.

आत्ताच पश्चिमेकडं गडगडलं. मी कागद-पेन उचललं आणि मधल्या खोलीत येऊन बसले, सवयीनं. आत्या बाहेरून ओरडतेय, "आता कशाला पळती गं?"

काल इथं थांबले होते. आज दुपार आहे.

सकाळी उजाडता उजाडता आम्ही दोघंच नाल्याकडच्या तुकड्यावर गेलो. तूर निघून गेलेली, रानभर तुराट्यांचे लहान लहान ढीग. त्यानं पिशवीतून नारळ, हळदकुंकू, तांब्या सगळं आणलं होतं. मी चपला काढल्या नाहीत. बांधावर उभी राहून म्हटलं, "ऐक, मला तुला एक सांगायचंय. मी पायाळू नाही. कधीच नव्हते. आत्या म्हणाली काल."

तो नारळाची शेंडी सोलत होता. सोलतच राहिला.

"म्हाईत हाये," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"तू सरळ आल्ती ते. बापू गेल्ते तव्हाच आत्यानं सांगितलं मला."

बापू, कालच्या धक्क्यातून मी सावरले नव्हते आणि हा दुसरा. वीस वर्षं त्याला माहीत होतं! मी म्हटलं, "आणि विहीर? माझ्या पायावर विहीर पाडणार होतास?" तर म्हणाला, "खुळा हाये का मी? मागच्या महिन्यात पाणी पाह्यचा मशीनवाला येऊन गेला. जागा कव्हाच ठरली. तिथं दगड ठेवलाय, वर तुराट्या टाकल्यात. तुला दिसू नाही म्हणून."

मी संतापले. गावात कुणाला ऐकू जाईल याचं भानही राहिलं नाही. "मग मला पुण्याहून कशाला बोलावलंस? या वयात अनवाणी नाचवायला?"

त्यानं नारळ खाली ठेवला. माझ्याकडं न बघता, रानाकडं बघत म्हणाला, "मंग काय म्हणून बोलवू? दिवाळीला ये म्हणलं तर तुझे पेपर तपासायचे असतेत. चतुर्थीला राजूरच्या गणपतीला जाऊ म्हणलं तर क्लास. पोरीच्या साखरपुड्याला आली अन् त्याच गाडीनं गेली. नुसतं ये म्हणल्यावर येती का तू? कामाला लागती म्हणलं, आली."

मी बांधावर बसले. तो त्या ओसरीवर होता तेव्हा तान्हा होता, आत्याच्या मांडीवर झोपलेला. त्यानं ते शब्द ऐकले असतील आणि त्याला आठवत असतील असं होऊच शकत नाही. मी किती वेळ रडले माहीत नाही. तो जवळ आला नाही, उपरण्यानं उगीच हात पुसत उभा राहिला. तुम्हीही असंच केलं असतंत. काल रात्रभर जे मी तुम्हाला विचारत होते त्याचं उत्तर तुमच्याऐवजी तो देऊन मोकळा झाला होता, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

मग तो म्हणाला, "आता आलीच हाये तर चाल की. नारळ आणलाय. जल्दी कर, ऊन लागंल."

मी चपला काढल्या. तांब्या हातात घेतला. मला वाटलं, तो बांधावर थांबेल, पण तो पुढं झाला आणि मी मागं. मागून तो अगदी तुमच्यासारखा चालतो, उजवा खांदा थोडा पडलेला, पाय जरा फेकत. हे मला माहीत नव्हतं, कारण मी कधी त्याच्या मागून चाललेच नव्हते. ढेकळं पायाला बोचत होती. मी तुराट्यांच्या ढिगांकडं बघायचं नाही असं ठरवलं आणि त्याच्या टाचांकडं बघत राहिले. असे दोन-तीन ढीग मागं पडले. एका ठिकाणी त्याची चाल मंदावली, एवढीशीच, बांधावरून कुणाला दिसलीही नसती. त्यालाही कळलं नसेल. मी थांबले.

तो वळला. माझ्या शेजारच्या तुराट्या त्यानं पायानं बाजूला केल्या. खाली दगड होता, चुना फासलेला. मग त्यानं नारळ फोडला, एक वाटी माझ्या हातात दिली आणि हसत हसत विचारलं, "बराबर हाये ना गं?"

"बराबर हाये," मी म्हटलं.

घरी येऊन मी आधी शब्दकोशाची नोंद पुरी केली. खोदणं या पहिल्या अर्थापुढं वाक्य लिहिलं, मि पाद्रे कावाबा पोसोस. माझे वडील विहिरी खोदायचे. व्याकरणाच्या दृष्टीनं सोपं आणि चांगलं वाक्य आहे, कुणी काढून टाकणार नाही. नोंद पाठवून दिली. उद्या यारी येईल. मी आणखी चार दिवस राहते म्हणून कॉलेजात कळवलं आहे, कारण विचारलं नाही त्यांनी, मीही दिलं नाही. हे कागद मात्र कुठंच जायचे नाहीत, आणि ते बरंच आहे, कारण एक गोष्ट मी त्याला सांगितलेली नाही. त्याला वाटतं, मी त्याचं मन राखायला हो म्हटलं.

बापू, तो सावकाश झाला तेव्हा माझी टाच गरम झाली होती.